आयआयटीपेव्ह, आश्टो की आयआरसी:५८? मुंबईच्या रस्त्याची जाडी काढणाऱ्या पद्धतींचं परीक्षण

मुंबईतल्या रस्त्याचं डिझाइन तपासायला घेतलं आणि जाडी कशी काढली असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात येतं: आयआयटीपेव्ह, म्हणजे डांबरी रस्त्याचे थर तपासणारं सॉफ्टवेअर. काँक्रीटचा रस्ता असेल तर 'आयआरसीची एक्सेल शीट' (आयआरसी म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस). दोन्ही साधनं चांगली आहेत. पण ती काय विचारतात आणि काय विचारतच नाहीत, हे न बघता वापरली तर कागदावर पास झालेला रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात उखडतो. म्हणून प्रचलित पद्धती इथे शक्य तिथे एकाच उदाहरणावर चालवून पाहिल्या आहेत. कसोटी एकच: जून ते सप्टेंबरचं पाणी ही पद्धत कुठल्या रकान्यात घेते?

उदाहरण असं. उपनगरातला दोन पदरी, दुहेरी वाहतुकीचा रस्ता. दोन्ही दिशा मिळून रोज २,००० अवजड वाहनं, वाढ ५ टक्के, मुदत २० वर्षं, लेन वाटप (एकूण वाहनांपैकी डिझाइनच्या लेनवर धरायचा वाटा) ०.५, व्हीडीएफ (एक अवजड वाहन प्रमाण अॅक्सलच्या किती फेऱ्यांइतकं नुकसान करतं तो आकडा) २.५. गुणाकार केला की साधारण ३० एमएसए, म्हणजे ८० किलोन्यूटनच्या प्रमाण अॅक्सलच्या तीन कोटी फेऱ्या. सबग्रेड (रस्त्याखालची दाबलेली माती) मुरमाच्या भरावाचा, चार दिवस भिजवून काढलेला सीबीआर (मातीच्या ताकदीचा आकडा) ८. त्यावर २०० मिमी जीएसबी (खडीचा खालचा, निचऱ्याचा थर) आणि २५० मिमी डब्ल्यूएमएम (ओलवून दाबलेल्या खडीचा वरचा थर).

पद्धतींकडे वळण्याआधी व्हीडीएफचं बोलून घेऊ, कारण हा आकडा चुकला तर पुढे कुठलीच पद्धत वाचवत नाही. हिशोब चौथ्या घाताचा आहे: अॅक्सलचा भार भागिले प्रमाण भार, त्याचा चौथा घात. दुहेरी चाकांच्या सिंगल अॅक्सलला प्रमाण भार ८० किलोन्यूटन, एकेरी चाकांच्या पुढच्या अॅक्सलला ६५, टँडमला (जोड अॅक्सलला) १४८. भरलेल्या बसचा मागचा अॅक्सल १० टन आणि पुढचा ६ टन धरला तर एका बसचा व्हीडीएफ जवळपास २.९ येतो. डेब्रिज वाहणाऱ्या डंपरचा टँडम कायद्याच्या २१ टनांत असेल तर त्या एका टँडमचेच ३.७५ होतात, आणि तोच २८ टन भरला तर जवळपास १२. भार एक तृतीयांश वाढला, नुकसान तिपटीहून जास्त. आता मुंबईत हे डंपर धावतात कधी? रात्री. दिवसा अवजड वाहनांवर वेळेची बंधनं असतात. सकाळी ८ ते रात्री ८ असा अॅक्सल लोड सर्व्हे केला तर त्यात बस आणि टेम्पोच सापडतात, आणि व्हीडीएफ कमी आला म्हणून वर समाधानही वाटतं. सर्व्हे २४ तासांचाच हवा, त्याला पर्याय नाही.

आता आयआरसी:३७, म्हणजे डांबरी रस्त्यांची संहिता, आणि तिचं सॉफ्टवेअर आयआयटीपेव्ह. १९७० मध्ये सीबीआरच्या आलेखांवर सुरू झालेली ही पद्धत २०१८ च्या आवृत्तीत पूर्णपणे स्ट्रेनवर (भाराखाली थर किती ताणला-दबला जातो त्यावर) चालते. दोन गोष्टी तपासायच्या: डांबरी थराच्या तळाचा आडवा स्ट्रेन (त्यावरून फटिग, म्हणजे थकव्याच्या भेगा) आणि सबग्रेडच्या माथ्यावरचा उभा स्ट्रेन (त्यावरून रटिंग, म्हणजे चाकांच्या चाकोऱ्या). शहरी रस्त्यांना ९० टक्के रिलायबिलिटीची (रस्ता मुदत गाठेल या खात्रीची) समीकरणं लागतात. आपल्या ३० एमएसएला उभा स्ट्रेन ४१६ मायक्रोस्ट्रेनच्या आत हवा. व्हीजी-४० प्रतीचं डांबर, मॉड्युलस (थराचा ताठपणा) ३,००० एमपीए, हवेची पोकळी ३ टक्के आणि प्रभावी डांबर ११.५ टक्के धरलं तर आडवा स्ट्रेन २१९ च्या आत.

सॉफ्टवेअर आयआयटी खरगपूरचं. दिसायला जुनाट, जावावर चालतं, पण काम चोख. तीन थर द्यायचे: बीसी (वरचा डांबरी थर) आणि डीबीएम (त्याखालचा डांबरी थर) मिळून एक, जीएसबी आणि डब्ल्यूएमएम मिळून दुसरा, सबग्रेड तिसरा. सीबीआर ८ ला सबग्रेडचा मॉड्युलस १७.६ गुणिले ८ चा ०.६४ घात, म्हणजे सुमारे ६६.६ एमपीए. खडीच्या ४५० मिमी थराचा सूत्राने २०८ एमपीए. चाकाचा भार २०,००० न्यूटन, टायरचा दाब ०.५६ एमपीए, दुहेरी चाकं. मग चार बिंदू: डांबराच्या तळाशी आणि सबग्रेडच्या माथ्यावर, प्रत्येकी आर (एका चाकाच्या मध्यापासूनचं आडवं अंतर) शून्य आणि १५५ मिमीला. भार न्यूटनमध्ये आणि दाब एमपीएमध्ये आहे, याकडे लक्ष ठेवा. २०,००० ऐवजी २० टाकलं की स्ट्रेन नगण्य येतात आणि कसलाही रस्ता पास होतो.

निकाल वाचताना होणारी नेहमीची चूक सांगायलाच हवी. दोन थरांच्या सीमेवरच्या बिंदूसाठी सॉफ्टवेअर दोन ओळी देतं, आणि खालच्या थराच्या ओळीला 'एल' लावतं. सबग्रेडचा उभा स्ट्रेन एल असलेल्या ओळीतूनच घ्यायचा. वरची ओळ खडीच्या तळाची असते. खडीचा मॉड्युलस सबग्रेडच्या तिप्पट, त्यामुळे तिथला स्ट्रेन कमी दिसतो आणि डिझाइन खोटं पास होतं. आडव्या स्ट्रेनचं तसं नाही, तो दोन्ही ओळींत सारखाच येतो. कारण थर एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत असं सॉफ्टवेअर धरून चालतं.

त्या धरून चालण्याची किंमत मोठी आहे. ४० मिमी बीसी आणि १०० मिमी डीबीएम एकजीव असतील तर वाकण्याला त्यांचा विरोध १४० च्या घनाच्या प्रमाणात. चिकटले नाहीत तर ४० चा घन अधिक १०० चा घन. भागाकार करून बघा, ३९ टक्केच उरतात. मुंबईत बिछाई रात्रीच्या काही तासांत उरकायची असते. मिलिंगची (जुना थर खरवडल्याची) धूळ नीट झाडली जात नाही, टॅक कोट (थर चिकटवणारा इमल्शनचा हात) तपकिरीचा काळा व्हायच्या आत डांबर पसरणारं पेव्हर मशीन पुढे सरकतं. डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो इमल्शन एकसारखं बसायला हवं, तिथे झारीने पट्टे मारलेले असतात. मग पावसाळ्यात बीसीची पोळी सुटून येते आणि खाली डीबीएम स्वच्छ, शाबूत दिसतं. अशा खड्ड्यासाठी जाडीला दोष देऊन उपयोग नाही.

याच पद्धतीतला फटिगच्या समीकरणातला 'सी' हा घटक बहुतेक अहवालांत नजरेआड होतो. तो पोकळी आणि डांबराच्या प्रमाणावर ठरतो. पोकळी ३ टक्के असताना तो ३.१६ येतो. रोलर कमी फिरला, माल थंड झाला, पोकळी ७ टक्क्यांवर गेली आणि प्रभावी डांबर ११ वर आलं, तर ०.४१५. बाकी सगळं तेच ठेवून आयुष्य साडेसात पटींनी घटतं, म्हणजे ३० एमएसएचा थर ४ एमएसएला संपतो. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी ०.९१ एमएसए वाहतूक आहे, तेव्हा हे चार वर्षांत होतं. शिवाय ७ टक्के पोकळीतून पाणी मुरतं ते वेगळंच.

पाण्याच्या कसोटीवर आयआरसी:३७ ला अर्धेच गुण. सबग्रेडला चार दिवस भिजवलेला सीबीआर वर्षभर धरते, हे मुंबईसाठी योग्यच. सीबीआर ८ चा ४ झाला तर सबग्रेड ६६.६ वरून ४० एमपीएवर येतो आणि सूत्रामुळे खडीचा थर २०८ वरून १२५ वर. पण खडीत पाणी साचून राहिलं तर काय, यासाठी वेगळा रकाना नाही. निचऱ्यावर मजकूर आहे, जीएसबीच्या पारगम्यतेची अट आहे, पण ते सगळं मोकळ्या खांद्याच्या (कडेपट्टीच्या) महामार्गासाठी सोपं. शहरात जीएसबी जाऊन आदळते गटाराच्या भिंतीवर. भिंतीला जीएसबीच्या तळाच्या पातळीवर विप होल (पाणी जायची भोकं) नसतील तर रस्त्याखाली बंदिस्त हौद तयार होतो. आणि सखल भागात, भरतीच्या वेळी गटाराची पातळी वर आली की तेच विप होल पाणी उलटं आत घेतात.

अमेरिकेतल्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे आश्टोची, १९९३ ची पद्धत नेमकी इथे उजवी ठरते. मूळ आधार जुना: अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये झालेली रोड टेस्ट. एकच माती, तिथला गोठणारा हिवाळा, आणि जेमतेम ११ लाख अॅक्सल फेऱ्या. आपण तिला तीन कोटी फेऱ्यांचा प्रश्न विचारतो, हे विसरू नये. पण तिच्यात निचऱ्याचा गुणांक 'एम' आहे. तक्त्यात दोन गोष्टी बघायच्या: पाणी किती वेळात निघून जातं, आणि वर्षातला किती काळ थर जवळपास भिजलेला असतो. मुंबईत चार महिने पाऊस, म्हणजे ३३ टक्के, म्हणून शेवटचा, २५ टक्क्यांहून जास्तचा रकाना. तिथे पाणी एका दिवसात निघत असेल तर एम १, आठवड्यात ०.८, महिन्यात ०.६.

आता आपलं उदाहरण घाला. रिलायबिलिटी ९० टक्के, प्रमाण विचलन ०.४५, सेवाक्षमतेतली घट ४.२ ते २.५, सबग्रेड ६६.६ एमपीए. लागणारा स्ट्रक्चरल नंबर (प्रत्येक थराची इंचातली जाडी गुणिले त्याचा गुणांक, खडीला शिवाय गुणिले एम, यांची बेरीज) साधारण ५.३. डांबराला ०.४४, डब्ल्यूएमएमला ०.१४, जीएसबीला ०.११ हे गुणांक धरले तर डांबरी थर लागतो:

एम १ असेल तर सुमारे १८० मिमी,
एम ०.८ असेल तर सुमारे २०५ मिमी,
एम ०.६ असेल तर सुमारे २३० मिमी.

म्हणजे विप होल बुजलेले ठेवायचे तर त्याची किंमत ५० मिमी डांबर, रस्त्याच्या संपूर्ण लांबी-रुंदीत. ठेकेदाराला किंवा वरिष्ठांना निचऱ्याचं महत्त्व पटवायचं असेल तर याहून सोपं कोष्टक नाही. आणखी एक: ०.४४ हा गुणांक २० अंश सेल्सिअसच्या ताठ डांबराचा. उदाहरणातल्या व्हीजी-४० ऐवजी व्हीजी-३० घेतलं तर आयआरसी आपल्याकडे ३५ अंशांना त्याचा मॉड्युलस २,००० एमपीए धरते, त्याला गुणांक ०.३७ च्या आसपास येतो आणि जाडी आणखी ३०-३५ मिमी वाढते. म्हणून आश्टो ९३ वर थेट निविदा काढू नका, महाग पडेल. तिचा उपयोग तुलनेसाठी करा. एम बदलल्यावर जो फरक येतो तो विश्वासार्ह, मूळ आकडा तितका नाही.

याच पद्धतीत महिन्यानुसार नुकसान मोजण्याची सोय आहे. समजा, कोरड्या आठ महिन्यांत सबग्रेड ६६.६ आणि ओल्या चार महिन्यांत ४० एमपीए. मॉड्युलसच्या २.३२ घाताने हिशोब केला तर ओल्या महिन्यातलं नुकसान कोरड्याच्या ३.३ पट, आणि वर्षाच्या एकूण नुकसानीपैकी ६२ टक्के त्या चार महिन्यांत. मेअखेरीच्या मुदतीत कच्चा राहिलेला जॉइंट किंवा अर्धवट सोडलेला चर एवढा महाग का पडतो, ते या आकड्यात दिसतं.

आयआयटीपेव्हसारखंच थरांचा स्ट्रेन काढणारं केनपेव्ह मोफत आहे. वर्षाचे वेगवेगळे कालखंड, प्रत्येकाला वेगळा मॉड्युलस, आणि नुकसानीची बेरीज ते स्वतः करतं. आयआयटीपेव्हमध्ये हे हाताने करावं लागतं. इंटरफेस त्रासदायक आहे, पण एमटेकचा विद्यार्थी किंवा डिझाइन तपासणारा सल्लागार असाल तर आठवडाभर डोकं घालायला हरकत नाही. आश्टोवेअर पेव्हमेंट एमई हे आश्टोचं सॉफ्टवेअर सगळ्यात अद्ययावत: तासागणिक हवामान, भाराचे वर्णपट (कुठल्या भाराचे किती अॅक्सल), दरवर्षीचं रटिंग आणि आयआरआय (खडबडीतपणाचा निर्देशांक). परवाना दरवर्षी विकत घ्यायचा, आणि त्यातली कॅलिब्रेशनं अमेरिकन रस्त्यांची. इथली आकडेवारी न घालता त्याचे रंगीत आलेख अहवालाला जोडणं म्हणजे निव्वळ शोभा. महापालिकेच्या कामाला आत्ता तरी पैसे वाचवा.

आयआरसी:३७ मधला सिमेंट ट्रीटेड बेसचा (सिमेंट मिसळलेल्या खडीच्या थराचा) पर्याय मुंबईत मोहात पाडतो, कारण जाडी कमी होते आणि खोदाई वाचते. पण त्यात बेसवर १०० मिमी खडीचा क्रॅक रिलीफ थर (बेसच्या भेगा वर येऊ न देणारा) येतो. वर डांबर, खाली सिमेंटचा थर, मधे खडी: पाणी शिरलं की जायला वाट नाही. इथे खडीऐवजी सामीचा (ताण शोषणाऱ्या पातळ डांबरी पडद्याचा) पर्याय घ्यावा. आणि सिमेंटच्या थराच्या तपासणीत टायरचा दाब ०.५६ नव्हे, ०.८० घालायचा, हे अनेक जण विसरतात.

काँक्रीटसाठी आयआरसी:५८, २०१५ ची आवृत्ती. हिची शीट मागणारी माहिती चांगली आहे: अॅक्सलचा भारनिहाय वर्णपट, दिवस-रात्र वाटा, तापमानातला फरक. दुपारी १० ते ४ मध्ये तळातून वर जाणारी भेग, मध्यरात्री १२ ते पहाटे ६ मध्ये वरून खाली येणारी भेग, दोन्ही तपासल्या जातात. मुंबईतले डंपर रात्रीचेच, त्यामुळे रात्रीचा वाटा मोजून भरा, उदाहरणातला आकडा जसाच्या तसा उचलू नका.

या पद्धतीत चुकीला माफी नाही. ताण आणि फ्लेक्चरल स्ट्रेंथ (वाकवलं तरी न मोडण्याची ताकद) यांचं गुणोत्तर ०.४५ च्या खाली असेल तर फेऱ्या अमर्याद. ०.५५ ला साधारण १ लाख २४ हजार. ०.६५ ला फक्त ७,७०० च्या आसपास. एम-४० काँक्रीटची फ्लेक्चरल स्ट्रेंथ ४.५ एमपीए धरलेली असते. क्युरिंग कमी पडलं, ती ३.८ वर राहिली, की ०.५५ चं गुणोत्तर ०.६५ होतं. बीमचे नमुने तोडायलाच हवेत, नुसत्या क्यूबवर भागवू नये.

शीटमधली धोक्याची जागा म्हणजे 'टाइड काँक्रीट शोल्डर (स्लॅबला सळयांनी जोडलेली काँक्रीटची कडेपट्टी) आहे का' हा प्रश्न. हो म्हटलं की कडेचा ताण घटतो आणि स्लॅब पातळ होतो. शहरात शोल्डर कुठे असतो? कर्ब आणि लगेच फूटपाथचे पेव्हर. उत्तर 'नाही' असंच हवं. दुसरी उणीव पाण्याचीच. अमेरिकेतल्या पीसीएच्या (पोर्टलँड सिमेंट असोसिएशनच्या) १९८४ च्या पद्धतीत जॉइंटखालच्या झिजेची वेगळी तपासणी आहे, आपल्याकडे १५० मिमी डीएलसी (स्लॅबखालचा कमी सिमेंटचा काँक्रीट थर) आहे म्हणून ती सोडून दिली आहे. डीएलसी ७ दिवसांत ७ एमपीए गाठणारी आणि सलग असेल तर ठीक. पाइपलाइनसाठी मधेच फोडून वाळू-खडीने बुजवलेली असेल तर तिथे पंपिंग होणार, जॉइंटमधून गढूळ पाणी वर येणार आणि पॅनेल खचणार.

चेंबरची झाकणं कुठल्याच शीटमध्ये नसतात. ४.५ मीटरच्या पॅनेलमध्ये चेंबर आडवं-तिडवं आलं की त्याच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत भेग निघते. कटिंगच्या आधी चेंबरच्या जागा नकाशावर मांडून जॉइंट चेंबरमधून नेणं किंवा भोवती चौकोनी बॉक्स सोडून आयसोलेशन जॉइंट देणं, हा डिझाइनचाच भाग धरा. २५० मिमी स्लॅबला ३२ मिमी व्यासाचे, ४५० मिमी लांबीचे डॉवेल (जॉइंटमधून आरपार जाणाऱ्या सळया) ३०० मिमी अंतरावर असतात. ते एकमेकांना समांतर नसले तर जॉइंट उघडत नाही आणि भेग बाजूला पडते.

चाळीतल्या गल्लीला आयआरसी:५८ लावू नका. रोज ४५० पेक्षा कमी अवजड वाहनं असतील तर आयआरसीचीच एसपी:६२. कचऱ्याची गाडी आणि पाण्याचा टँकर एवढंच येत असेल, म्हणजे ५० च्या आत, तर ५० किलोन्यूटनच्या चाकाचा ताण तपासला की झालं. पेव्हर ब्लॉकसाठी एसपी:६३ आहे. कडेला पक्का कर्ब आणि खाली २० ते ४० मिमी वाळू टिकली तर ते टिकतात. बस थांबतात-वळतात त्या रस्त्यावर वाळू वाहून जाते, तिथे नको.

व्हाइट टॉपिंगच्या (जुन्या डांबरावर काँक्रीट घालण्याच्या) एसपी:७६ बद्दल मत चांगलं आहे, एका अटीवर. पातळ प्रकारात १०० ते २०० मिमी काँक्रीट, सुमारे १ मीटरची छोटी पॅनेलं, खाली मिलिंगनंतर किमान ७५ मिमी चांगलं डांबर. तेवढं उरलं की नाही हे कोअर काढून बघा, अंदाजाने नको. अट आहे पातळीची. रस्ता १५० मिमी वर आला की दुकानाचे ओटे, सोसायटीचं गेट, शेजारच्या गल्लीचा उतार सगळं खाली राहतं आणि पाणी तिकडे वळतं. डिझाइन उघडायच्या आधी दोन्ही बाजूंच्या प्लिंथच्या लेव्हल घ्या. त्या जुळत नसतील तर मिलिंग वाढवा, आणि त्यात ७५ मिमी उरत नसेल तर हा पर्याय सोडून आयआरसी:५८ प्रमाणे खोदून करा.